गच्चीवर आखलेली पाणबुडी

खैरुद्दीन आणि मी शारजाच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात बरीच वर्षं फिटर होतो. दोघेही रत्नागिरीकडचे. त्याचं काम बघायला कुणी थांबत नसे, कारण बघण्यासारखं काही नसायचं. हात सावकाश चालायचा आणि तेच काम दुसऱ्यांदा करावं लागायचं नाही.

त्याने वडिलांना पाहिलं नव्हतं. वली हे त्यांचं नाव. लढाईच्या काळात ते ब्रिटिश मालवाहू जहाजावर आगवाले होते, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा मारायचे. १९४३ साली जर्मन पाणबुडीने ते जहाज हिंदी महासागरात बुडवलं. खैरुद्दीन तेव्हा आईच्या पोटात होता. गावातला एक खलाशी वाचून परतला. त्याने सांगितलं, पाणबुडी वर आली, बत्ती मारली, पाण्यातल्या एकाला ओढून आत घेतलं. अंधार होता, पण तो वलीच असावा.

त्या 'असावा'वर हव्वाबी, खैरुद्दीनची आई, पंचावन्न वर्षं तग धरून होती. नवरा कैदेत आहे, येईल. जर्मनीचे दोन तुकडे झाले, ती परत एक झाली, पण ही हटली नाही. शबे-बरातला घरातल्या मयतांची नावं घेऊन फातेहा देतात. त्यात वलीचं नाव ती घेऊ देत नसे. कोकणी मुसलमानांत मयत समोर नसली तरी जनाज्याची नमाज पढता येते. गावच्या जमातीने तिला तसं सुचवलं, तेव्हा ती उठून आत गेली.

खैरुद्दीनला एवढंच हवं होतं. बापासाठी एकदा त्या नमाजीला उभं राहायचं, आणि तेही आईच्या राजीखुशीने. ती आता शारजात त्याच्याकडेच राहायची. थकली होती.

अठ्ठ्याण्णव साली यार्डात एक जर्मन सर्व्हेअर आला. त्याच्या केबिनमध्ये फोटो होता. समुद्रकिनाऱ्यावर अख्खी पाणबुडी उभी, शेजारी आइस्क्रीम खाणारी पोरं. खैरुद्दीन फोटोपुढून हलेना.

"हे माझ्या गावाजवळ आहे," सर्व्हेअर म्हणाला. "लाबो. लढाई संपली तेव्हा ही नॉर्वेत होती. नॉर्वेच्या नौदलाने काही वर्षं वापरली, मग आम्हाला परत दिली. आता म्युझियम आहे. लोकांना आत जाता यावं म्हणून कुशीला दारं कापलीत."

"साहेब, हिच्यात कैद्यांची खोली कुठे?"

तो हसला. "कसली खोली? खलाश्यांनाच पुरेसे पलंग नव्हते. एक उठायचा, त्याच्या गरम गादीवर दुसरा झोपायचा." मग खैरुद्दीनचं तोंड बघून तो थांबला. "का विचारतोस?"

खैरुद्दीनने सांगितलं. सर्व्हेअर म्हणाला, कधी कधी कॅप्टनला पकडून नेत, माहिती काढायला. आगवाल्याला कशाला नेतील? तुमच्या समुद्रात आल्या त्या पाणबुड्या हिच्याहून थोड्या लांब होत्या, पण आतली वाट अशीच. सुट्टीवरून येताना त्याने आतले फोटो आणि मापांचा नकाशा आणून दिला.

खैरुद्दीनने फोटो आईच्या हातात ठेवले. तिला मोतीबिंदूमुळे उजेड-अंधार एवढंच कळायचं. तिने बोटं फिरवली.

"कागद आहे," ती म्हणाली. "कागदावर काय, कोणी काहीही दाखवील."

दुसऱ्या दिवशी डबा खाताना खैरुद्दीन मला म्हणाला, "सदानंद, एकास एक आखू या?"

यार्डात अवघड पत्रा कापायच्या आधी आम्ही तो जमिनीवर खऱ्या मापात आखायचो. तसंच. शुक्रवारी सकाळी त्याच्या बिल्डिंगच्या गच्चीवर गेलो. अख्खी पाणबुडी मावणार नव्हती, म्हणून पुढचा, झोपायचा भाग घेतला. खडू लावलेली दोरी ताणून रेघा मारल्या. पलंगांच्या जागी पिंपांवर फळ्या टाकल्या, वरच्या पलंगासाठी दोरखंड बांधले. दोन कप्प्यांमधलं गोल दार सळई वाकवून केलं आणि उभं बांधलं.

पहिली आखणी चुकली. मी आतल्याऐवजी बाहेरच्या पत्र्याचं माप धरलं होतं. सगळं पुसून पुन्हा केलं. उन्हात पाठ भाजत होती. मी म्हटलं, "खैरू, वाट चार बोटं कमी करू. म्हातारीला लगेच पटेल."

त्याने दोरी खाली ठेवली. "बापाचा जनाजा लबाडीने पढू?"

वाट नकाशात होती तेवढीच ठेवली.

ऊन उतरल्यावर त्याची बायको शहनाझ सासूला वर घेऊन आली. हव्वाबीने तिचा हात सोडला. "मी एकटी जाते. तुम्ही नुसतं सांगा."

ती निघाली. चार पावलांत दोन्ही कोपरं फळ्यांना लागली. डोकं दोरखंडाला लागलं.

"हे काय?"

"वरचा पलंग, अम्मा."

"आणि खाली?"

"खाली पण पलंग. त्याच्याखाली टॉर्पेडो."

"किती माणसं होती?"

"सगळीकडची मिळून पन्नासच्या आसपास."

"आणि संडास?"

"दोन. त्यातल्या एकात धान्य भरत."

"शी!" ती म्हणाली आणि पुढे गेली. सळईच्या कड्याला हात लागला तशी थांबली. दोन्ही हातांनी कडं पुरतं चाचपलं, वरून खाली. "हे दार?"

"हो."

"सदानंदा, तू खरं सांग. हा माझा मुलगा आहे, त्याचं काय खरं मानू? बरोबर एवढंच?"

"बरोबर एवढंच, चाची. मी कमी करायला सांगत होतो, यानेच नाही ऐकलं."

ती फळीवर बसली. हात पसरून बघितले, पुरते पसरता येईनात. मग तशीच आडवी झाली, गुडघे पोटाशी घेऊन. खाली रस्त्यावर दुबईहून परतणाऱ्या गाड्यांचे हॉर्न चालले होते.

"तो अंगणात झोपायचा," ती म्हणाली. "घरात जीव घुसमटतो म्हणायचा. पावसातसुद्धा पडवीत." फळीवर हात फिरवत म्हणाली, "जर्मनांनी नाही रे. मीच त्याला यात कोंडून ठेवला. इतकी वर्षं."

खैरुद्दीन तिच्यापाशी खाली बसला.

"पाण्यातच राहिला असेल तो," ती म्हणाली. "तिथे निदान ऐसपैस." मग उठून बसली, पदर डोक्यावर घेतला. "पढून टाका."

पुढच्या शुक्रवारी जमातीतली पंधरा-वीस माणसं खैरुद्दीनच्या हॉलमध्ये जमली. सोफे बाहेर काढले होते. बायका आतल्या खोलीत. मी दाराशी, चपलांजवळ उभा राहिलो.

मौलवीसाहेबांनी विचारलं, "मरहूमचं नाव?"

"वली."

"उमर?"

खैरुद्दीन मनात हिशेब करू लागला. "आज असते तर साधारण..."

"चोवीस," आतून हव्वाबी म्हणाली.

मौलवीसाहेबांनी खैरुद्दीनकडे पाहिलं. त्याची दाढी पांढरी झाली होती. तो म्हणाला, "चोवीस."

सफी, म्हणजे नमाजीच्या रांगा, लागल्या. पुढे काही नव्हतं, नुसती भिंत. या नमाजीत वाकणं नसतं, कपाळ टेकणं नसतं. सगळी उभ्यानेच असते आणि लवकर संपते. शेवटी उजवी-डावीकडे मान वळवून सलाम फिरवून झाल्यावर आतून हव्वाबीचं रडणं ऐकू आलं. मोठ्याने, कालच नवरा गेलेल्या तरण्या बाईचं असतं तसं. लोक दारातून एकेक करून बाहेर पडले. खैरुद्दीन आईकडे आत गेला, आणि शहनाझने खोलीचं दार लोटून घेतलं.