मंदाताईंचा अंदमानचा बेत

ऑफिस बंद करताना मंदाताई प्रत्येक वस्तूला हात लावून तिचं नाव घेत. "पंखा. खिडकी. कपाट. चावी." मग पुन्हा एकदा, उलट्या क्रमाने. अलिबागच्या आमच्या सरकारी कचेरीत मी नवा होतो तेव्हा मला याचं हसू यायचं. नुसतं बघितलं तर चालत नाही का, असं मी एकदा विचारलंही. त्या म्हणाल्या, "बघितलंय असं वाटतं रं नुसतं. हात लावला की कळतं."

त्या पेणजवळच्या मिठागरात वाढल्या. घरासमोर खाडी, पण पोहायचं ते मुलांनी. मुलींनी मिठाच्या टोपल्या वाहायच्या. पोहायला त्या शिकल्या वयाच्या बावन्नाव्या वर्षी, तलावावर सकाळच्या बायकांच्या तुकडीत. मी एका दुपारी डबा खाताना स्कूबा डायव्हिंगच्या कोर्सबद्दल सांगत होतो, मालवणकडे चार दिवसांत शिकवतात वगैरे. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "माझं पन नाव दे. आयुष्यभर पानी वरनंच बघितलं."

कोर्सला आमच्याबरोबर पुण्याचं एक जोडपं होतं, निखिल आणि राधिका. पाण्यात नेहमी जोडीने उतरायचं असतं. मंदाताई माझ्या जोडीला. उतरण्यापूर्वी एकमेकांचं सामान तपासतात, त्यात त्या ऑफिसातल्यासारख्याच. माझा एकेक पट्टा ओढून बघत आणि नाव घेत. राधिका गालात हसायची. मी तिच्याकडे बघून हसायचो.

समुद्रातल्या दुसऱ्या फेरीत, सातेक मीटर खाली, माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं. ते कसं काढायचं हे मला शिकवलेलं होतं. पण नाकात पाणी गेलं आणि सगळं विसरलो. मी श्वास रोखून सरळ वर निघालो. तसं केलं तर फुप्फुस फाटू शकतं, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मंदाताईंनी माझ्या जॅकेटचा पट्टा पकडला आणि माझ्या छातीवर बोटं टोचायला लागल्या, श्वास सोड, सोड. मी हात झाडले, त्यात त्यांचा मास्क उडाला. तरी त्यांनी सोडलं नाही. मिटल्या डोळ्यांनी मला धरून हळूहळू वर आणलं.

प्रशिक्षक निखिल-राधिकाकडे बघत होता. तो वर आला तेव्हा त्याला दिसलं ते एवढंच, की ताईंचा मास्क नाही, डोळे लाल झालेत आणि त्या मला घट्ट धरून आहेत. तो वैतागून सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, घाबरलात तर दुसऱ्याला असं धरायचं नाही. दोघंही गेला असतात."

मंदाताईंनी माझ्याकडे बघितलं. मी खोकत होतो. खोकला थांबल्यावरही मी काही बोललो नाही.

दोघांनाही प्रमाणपत्रं मिळाली. परतीच्या गाडीत त्यांनी त्या गोष्टीचा विषय काढला नाही. मी मनात म्हटलं, विसरल्या असतील.

मग अंदमानचा बेत ठरला. चौघांनी जायचं. बेत आखला मंदाताईंनीच, आखीव कागदांवर, लाल-निळ्या शाईत. पहिल्या दिवशी उथळ पाण्यात सराव. मध्ये एक दिवस कोरडा, पाण्यात उतरायचंच नाही. शेवटच्या डुबकीनंतर पूर्ण दिवस विमानात बसायचं नाही, अंगात विरघळलेला वायू निघून जायला तेवढा वेळ लागतो. मी म्हणायचो, ताई, एवढं कशाला. त्या म्हणायच्या, "आपून नवं हाव. नव्यानं नव्यासारखं रावाचं."

एके दिवशी निखिलचा फोन आला. त्याने फार सभ्यपणे सांगितलं, की ताई चांगल्या आहेत, पण पाण्यात घाबरणारं माणूस बरोबर असलं की सगळ्यांनाच धोका; तूच भोगलंयस. तेव्हा आपण तिघंच जाऊ. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "बघतो मी. सांगतो त्यांना."

डायव्हिंगच्या बोटीवर तीनच जागा उरल्या आहेत, असं मी मंदाताईंना सांगितलं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, ड्रॉवरमधून ते कागद काढले आणि माझ्या टेबलावर ठेवले. "कोरडा दिवस चुकवू नका," एवढंच म्हणाल्या.

आम्ही गेलो. त्यांच्याच कागदांप्रमाणे सगळं केलं. तिथल्या फॉर्मवर पाण्यात कधी घाबरला होतात का, असं विचारलं होतं. मी "नाही" लिहिलं.

परत आल्यावर त्यांनी मला डब्याच्या वेळी समोर बसवलं आणि सगळं विचारून घेतलं. पाण्यात किती दूरचं दिसत होतं, कासव कसं वळतं, खाली आवाज येतात का. मी सांगत होतो आणि त्या पोळीचा तुकडा हातात धरून ऐकत होत्या. मला ते सहन होईना. मी म्हणालो, ताई, जागा होत्या. घाबरलो मी होतो, आणि मी निखिल-राधिकाला तसं सांगितलं नाही.

"मला काय सांगतोस?" त्या म्हणाल्या. "मी व्हते ना थितं. ज्यांना म्हाईत न्हाय त्यांना सांग."

फोन करायला मला आठ दिवस लागले. निखिलने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आणि तू पूर्ण आठवडा आमच्याबरोबर पाण्यात होतास." त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही.

मंदाताईंना मी हे सांगितलं आणि म्हटलं, पुढच्या हिवाळ्यात आपण दोघं जाऊ, सगळं मी ठरवतो. त्यांनी समोरची फाईल मिटली. आवाजात राग नव्हता.

"जानार तर हायच मी. पन तुझ्यासंगं न्हाय, समीर. खाली बोलता येत न्हाय, ते ठीक. तू वर येऊन पन बोलला न्हायस."

निवृत्त झाल्यावर फेब्रुवारीत त्या अंदमानला गेल्या, ठाण्याच्या दोन अनोळखी बायकांबरोबर. मला हे ऑफिसातल्या शिपायाकडून कळलं. पेढे त्यांनी त्याच्या हाती सगळ्यांसाठी पाठवले होते, माझ्यासाठीसुद्धा. माझं प्रमाणपत्र अजून चालू आहे. पण पाण्यात जोडीनेच उतरायचं असतं, आणि माझ्या जोडीला ये असं कोणाला म्हणायची मला हिंमत होत नाही.