फोटो धुण्याचं औषध आणि अमडापूरची म्हातारी

चिखलीच्या शाळेत मी चित्रकला आणि भूगोल शिकवायचो. लढाईचे दिवस होते. नागपूरला बदली झालेल्या एका सहकाऱ्यानं जाताना आपला घडीचा कॅमेरा मला देऊन टाकला, आणि तेव्हापासून गावाच्या लेखी मी अर्धा मास्तर, अर्धा फोटोवाला झालो. फिल्म अकोल्याहून अधूनमधून मिळायची, पण ती धुण्याच्या औषधाच्या तयार पुड्या येणं बंद झालं. हे औषध घरी कालवता येतं असं एका जुन्या इंग्रजी मासिकात वाचलं आणि मी थेट दवाखान्यातल्या कंपाउंडरकडे गेलो.

कंपाउंडर माझा दोस्त. रोज तेच खोकल्याचं औषध करून तो कंटाळला होता. काही नवीन कालवायला मिळणार म्हटल्यावर खूश झाला. तराजू त्यानं दिला, फिल्मवर चित्र उमटवणारं मेटॉल, सल्फाइट वगैरे पावडरी ओळखीनं मागवल्या. धुण्याचा सोडा बाजारात होताच, फक्त त्यातलं पाणी उडवायला तो तव्यावर भाजावा लागे. बायकोनं तवा द्यायला साफ नकार दिला. शेवटी कान तुटलेली एक लोखंडी कढई मिळाली, तीसुद्धा पुन्हा स्वयंपाकघरात आणायची नाही या अटीवर.

पहिल्या खेपेला मी सगळं सल्फाइट आधी ओतलं. ते औषधाला हवेपासून जपतं, म्हणून त्याचा मान पहिला, असं आपलं मला वाटलं. मग मेटॉल टाकलं तर ते विरघळेचना. अर्धा तास ढवळलं, हात दुखला, पांढरे कण तसेच फिरत राहिले. आधी सल्फाइटची नुसती चिमूट, मग मेटॉल, ते पुरतं विरघळलं की बाकीचं सगळं, असा क्रम मासिकात स्वच्छ छापलेला होता. मी तेवढीच ओळ वाचली नव्हती.

दुसऱ्या खेपेला औषध पाण्यासारखं नितळ झालं. रविवारी भरदुपारी कोठीच्या खोलीला गोधड्या लावल्या, कंदिलाला लाल कागद गुंडाळला आणि फिल्म बुडवली. हळूहळू आमचे हेडमास्तर उमटले, फिल्मवर सगळं उलटं दिसतं म्हणून काळ्या तोंडाचे आणि पांढऱ्या मिशांचे. मी आणि कंपाउंडर पोट धरून हसलो. उरलेलं औषध मी एका मोठ्या बाटलीत भरलं, बूच लावलं आणि निर्धास्त झालो.

दोनेक महिन्यांनी अमडापूरहून निरोप आला. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकरणीचा मुलगा पलटणीत गेला होता. त्यानं पत्रातून आईचा फोटो मागवला होता. मी सायकलनं गेलो. म्हातारीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. ती श्वास रोखून अशी ताठ बसली की मला घाम फुटला. चार फोटो काढून परत आलो, फिल्म त्या बाटलीतल्या औषधात घातली आणि वाट बघत बसलो. काहीच उमटलं नाही. फिल्म कोरी ती कोरीच.

बाटली उजेडात आणली तर आत काळा चहा. लाल उजेडात रंग कळला नव्हता. बायको दारात येऊन बघत होती. तिनं विचारलं, ही बाटली किती दिवस अशी अर्धी आहे? मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून.

"लोणच्यावर तेल नसलं तर ते चार दिवस राहत नाही," ती म्हणाली. "तुम्ही तर वर नुसती हवा ठेवली."

मासिकातही बाटली गळ्यापर्यंत भरा असंच होतं म्हणा. नवीन औषध केलं ते दवाखान्यातल्या लहान बाटल्यांत काठोकाठ भरलं. एक बाटली अपुरी राहिली, तर बायकोनं धुतलेले गुळगुळीत खडे आत सोडून औषध वर आणलं.

आता अमडापूरला जाऊन तोंड दाखवायचं होतं. वाटभर मी वाक्यं जुळवली. म्हातारी गोठ्यात होती. फोटो आले नाहीत, चूक माझी आहे, एवढंच कसंबसं बोललो. तिनं शेणाचे हात झटकले.

"मंग एवढं तोंड काऊन उतरलं मास्तर? मी काय आज मरून राह्यली का? अजून काढा."

मला इतकं हलकं वाटलं की हसूच आलं. ठेवणीतलं लुगडं नेसायला ती काही गेली नाही. या खेपेला म्हैसही पाहिजे म्हणाली, ती पारडी असल्यापासून लेकानंच तिला चारलं होतं. म्हैस हलू नये म्हणून म्हातारी तिच्या गळ्यात हात टाकून उभी राहिली, तिच्याशी काहीतरी बोलत. श्वास रोखायचं विसरून गेली. त्याच क्षणी मी बटण दाबलं.

फोटो असा उतरला की कंपाउंडरनं एक प्रत स्वतःसाठी मागून घेतली. एक पलटणीत गेली. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. पत्र वाचून दाखवायला म्हातारीनं मलाच बोलावलं. मुलानं लिहिलं होतं, आई बरी दिसते, पण म्हैस फार वाळली, तिला सरकी घालत नाही का?

म्हातारीनं पत्र माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि मला म्हणाली, "त्याले लिहा, म्हैस चांगली हाये. मास्तरले फोटो काढता येत नाही."

मी तसंच लिहिलं.