डायनामोची घरघर

आमच्या घरात गाडीच्या आवाजावर बोलायचा हक्क एकट्या बाबांचा. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर, उभी हयात पूर्णेच्या रेल्वे शेडमध्ये डिझेल इंजिनांच्या पोटाखाली गेली. इंजिनाला कान लावून ते दुखणं सांगायचे आणि भलेभले साहेब मान डोलवायचे, असं ते स्वतःच सांगतात. आता त्यांना दारावरची बेल ऐकू येत नाही, टीव्हीवरच्या बातम्या गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जातात, पण ‘तुमचे कान गेले’ असं त्यांच्यासमोर म्हणायची कोणाची टाप नाही. मी शाळेत वर्गभर पोरांना गप्प बसवते, बाबांपुढे मात्र माझीच बोलती बंद होते.

गाडी घेतली ती मायसाठी. मायच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि एक दिवसाआड परभणीला डायलिसिस सुरू झालं. रेल्वेवाल्याची बायको, पण रेल्वेचा तिला काही उपयोग नव्हता. स्टेशनचा पूल तिला चढवत नव्हता. एस.टी.त उभं राहायची ताकद नव्हती. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, एक खेप चुकली तर अंगात पाणी भरेल, छातीत चढेल, मग माझ्याकडे आणू नका. म्हणून ही जुनी डिझेल गाडी. तिच्या भरवशावर मायचा श्वास चालला होता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

गाडीला आवाज लागला तो पावसाळा सरता सरता. आधी बारीक कुंई, मग वाढत वाढत सुक्या जात्यासारखी घरघर. ॲक्सिलेटर दाबला की वाढायची, सोडला की उतरायची. मी म्हटलं, बाबा, डायनामोकडून येतोय आवाज. अल्टरनेटरला आमच्याकडे अजूनही डायनामोच म्हणतात. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना पान्हा धरायला शिकवायलेय.

मग त्यांनी बॉनेट उघडलं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवलं, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. ही शेडमधली जुनी पद्धत. लोखंडातून आवाज हाडात उतरतो म्हणे. पंपावर टेकवलं, डायनामोवर टेकवलं, पुन्हा पंपावर. बराच वेळ तसेच उभे राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिथं काहीच उमटत नव्हतं.

“पाण्याचा पंप,” बाबा म्हणाले. “डायनामो ठणठणीत हाय.”

पंप बदलला. घरघर होती तिथंच होती. “नवा हाय, रुळायला वेळ लागतो,” म्हणाले. मी कपाळाला हात लावला.

यात मायची बाजू बाबांकडे, हे मला भलतंच झोंबायचं. “चालू द्या की आवाज,” ती म्हणायची. “गाडी हाय, बोलणारच. मला तर त्या आवाजात लय छान झोप लागते बाई.” परत येताना ती मागची अख्खी सीट घ्यायची. मी शेजारी बसते म्हटलं तर ऐकायची नाही, “मला पाय लांब करू दे, तू फुडं बस तुझ्या बापापाशी.” पदर तोंडावर ओढून पडायची ती थेट घर येईपर्यंत. डायलिसिसच्या बाकीच्या बायका मशीनवरून उतरल्या की पायात गोळे आले म्हणून रडायच्या, पिंडऱ्या धरून बसायच्या. माय म्हणायची, “मला न्हाई येत गोळे-बिळे.” बाबा सिस्टरला अभिमानानं सांगायचे, “आमची लय चिवट हाय.” सिस्टर नुसती हसायची.

एका सकाळी झिरो फाटा ओलांडला आणि समोर बॅटरीचा लाल दिवा पेटला. घरघर इतकी वाढली होती, की मला बाबांशी ओरडून बोलावं लागत होतं. दिवा बघून बाबांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. डायनामो करंट देत नाही, गाडी नुसत्या बॅटरीवर चाललीय आणि बॅटरी संपली की आपण रस्त्यावर, हे सांगायला फिटर लागत नाही. मागं माय. दोन दिवसांचं पाणी अंगात साठलेलं, तोंड सुजलेलं, श्वास वर वर.

“पंखा बंद कर,” बाबा म्हणाले. “हॉर्न वाजवायचा न्हाई. गाडी बंद पडू द्यायची न्हाई.”

मी मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोलले. आडमुठे, हेकट, पंप बदलायला निघालेले मोठे! आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी येऊन रस्ता धूसर दिसत होता, कारण माय मागून म्हणत होती, “घाई नका करू हो, मी हाय बरी.” सोयाबीन भरलेले ट्रॅक्टर आडवे येत होते, बाबा हॉर्नऐवजी खिडकीतून हात बाहेर काढून दारावर थापा मारत होते. कसे पोचलो ते पोचलो. माय मशीनवर गेली. बाबा पायरीवर बसले आणि घटाघटा पाणी प्याले.

ती मशीनवर आहे तोवर गाडी नीट व्हायला हवी होती. हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावर एका मिस्त्रीचं दुकान होतं. त्यानं पट्टा काढून गाडी एकदा चालू करून बघितली. आवाज साफ गेला. लगेच बंद केली, डायनामोची पुली हातानं फिरवली आणि बाबांना म्हणाला, “चाचा, तुम्हीच बघा फिरवून.”

बाबांनी फिरवली. हातात आलीच असणार ती खरखर, पुली आडवी-उभी हलतही होती. बेरिंगचा पार भुगा झाला होता, आतली कॉइल काळी पडली होती.

“इतका आवाज करत होता, ऐकला न्हाई का हो कोणी?” मिस्त्रीनं साधंच विचारलं.

बाबांनी पुली आणखी एकदा फिरवली. मला त्या मिस्त्रीचा विनाकारण राग आला. वाटेत मनात दिलेल्या सगळ्या शिव्या मी गिळून टाकल्या. “धूळ लय असते आमच्याकडं,” मी म्हटलं, “तुम्ही बसवा लवकर.”

बाबांनी आधी बॅटरीचं टर्मिनल स्वतः काढलं. जुना डायनामो उतरला, नवा चढला, बोल्ट हातानं लागले. पट्टा ताणायची वेळ आली तेव्हा त्यांनी मिस्त्रीच्या हातातून पान्हा घेतला. अंगठ्यानं पट्टा दाबून बघितला, थोडा आवळला, पुन्हा दाबला. “आता बरोबर,” म्हणाले. मिस्त्रीनं मान डोलावली, मला बरं वाटलं. गाडी चालू केली. लाल दिवा विझला आणि इंजिन पूर्वीसारखं गुमान चालायला लागलं.

मायला आणलं, मागं निजवलं. गाडी गप्प झालीय म्हटल्यावर तिनं विचारलं, “सगळाच आवाज गेला का?” बाबा खुशीत म्हणाले, “सगळा!” तिनं पदर तोंडावर ओढला.

शहर मागं पडलं, मोकळा रस्ता लागला. आणि मला ते ऐकू आलं. अगदी बारीक, दाबलेलं. गाडी खड्ड्यात गेली की तुटायचं, पुन्हा सुरू व्हायचं. गाडीच्या घरघरीआड इतके दिवस याच रस्त्यानं, याच सीटवर, आमच्या पाठीमागं हे कण्हणं चाललं होतं.

मी वळून बघितलं. मायनं पदराचा बोळा दातात धरला होता. दोन्ही हातांनी पिंडऱ्या आवळल्या होत्या, पायाची बोटं वाकडी झाली होती. डोळे टक्क उघडे. तिनं माझ्याकडे बघितलं, मग बाबांच्या पाठीकडे, आणि नाही म्हणून मान हलवली.

बाबांना यातलं काही ऐकू आलं नव्हतं. येणारही नव्हतं. “बघ,” ते आरशात न बघताच म्हणाले, “गाडी कशी गपगार चालायलीय. माय झोपली असंल न्हाई?”

“झोपली,” मी म्हटलं.

मी हात पुढं करून टेप लावला. कुठलं तरी ढोलकीचं गाणं लागलं, ते मी वाढवत नेलं, काचा थरथरेपर्यंत.

“अगं, आत्ताच कुठं गाडी गप्प झाली,” बाबा वैतागले, “आन तू हे काय लावलीस?”

“राहू द्या बाबा,” मी समोर बघत म्हटलं. “मायला आवाजात झोप लागते.”