रांगोळीतला पंचवार्षिक आराखडा

आमच्या गावाचा पंचवार्षिक आराखडा कागदाआधी जमिनीवर उतरला. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी शाळेच्या मैदानात बायकांना बोलावलं आणि रांगोळीने गावचा नकाशा काढायला सांगितलं. नकाशात जे दिसेल, त्याच कामांचा पाच वर्षं विचार होणार होता. माझा सगळा जीव ओढ्यावरच्या पुलात अडकलेला. आमची बौद्धवस्ती ओढ्यापलीकडे, आणि आईला दमा. आदल्या पावसाळ्यात तिला खुर्चीत बसवून चौघांनी कमरेएवढ्या पाण्यातून पार केलं, तेव्हा कुठे आळेफाट्याचा दवाखाना गाठता आला.

नकाशा काढायला वरच्या आळीतल्या एक काकू पुढे झाल्या. जुनं बागायतदार घर, रांगोळीचा हात देखणा, आणि त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नाही. सवयीने त्यांनी आधी वेलबुट्टीची किनार घातली, मग आत देऊळ, शाळा, पाण्याची टाकी, द्राक्षबागा. किनार ओढ्याशीच मिटली. आमची वस्ती राहिली बाहेर, नुसत्या मातीत. साहेब तर फोटोसाठी मोबाइल सरसावून उभे.

एरवी मी फटकळ, पण त्या दिवशी दुसरं कुणी बोलतं का म्हणून बाकीच्या बायकांकडेच बघत राहिले. काकूंपेक्षा स्वतःचाच राग आला. शेवटी कसंबसं म्हटलं, "काकू, आमी कुठंय यात?"

त्यांनी नकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अगं बाई, न्हाईच की! मी कवा आलेच न्हाई तुमच्याकडं, तर काढू काय?" आणि खाली बसून ती देखणी किनार त्यांनी हाताने पुसून टाकली. "साहेब, फोटो मागनं. आधी हिला काढू द्या."

रांगोळीचा डबा माझ्या हातात आला. घरं वाकडी आली, पण आली. पूल मी जरा जास्तच रुंद काढला.

तो आराखड्यात बसला आणि तिसऱ्या वर्षी ओढ्यावर उभा राहिला. सरकारी कामाच्या मानाने लवकरच म्हणायचं. आता रिक्षा दारात येते, आईची तपासणी चुकत नाही. साहेबांचे उपकार आहेतच, पण हात जोडावेसे वाटतात ते काकूंना.

पूल झाला त्याच आठवड्यात काकू आईची चौकशी करायला चालत आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. खाटेवर आईशेजारी बसून पाणी प्यायल्या, चहा घेतला. त्या निघाल्या तेव्हा आई म्हणाली, "येत जा."

काकू उंबऱ्यात थबकल्या. "लई उशीर केला मी," म्हणाल्या, आणि पुन्हा आत येऊन बसल्या.