म्हातारीचा अंगठा

गुरुवारी दार तोडलं तेव्हा खाटेवर दोघी होत्या. म्हातारी मरून तीन-चार दिवस झाले होते. तिची दहा वर्षांची नात तिच्याच रजईत, तिचं लुगडं डोक्यावरून घेऊन बसली होती आणि हुबेहूब म्हातारीसारखी खोकत होती. आम्हाला बघूनही थांबेना. मी तिच्या तोंडावर हात ठेवला, तेव्हा थांबली.

तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

मी निपाणीकडच्या एका ठाण्यात होते. नवरा पोलिसात असताना वारला, त्याच्या जागी मला घेतलं. शिक्षण चौथी. बायकापोरांना बोलतं करायचं काम माझ्याकडं असे.

खबर शेजारणीनं आणली. "आक्का, दाराला भाईरनं कुलूप हाय आन् आत म्हातारी खोकतीया. हाक मारली तर निस्तं खोकतीया." माळा तंबाखूनं भरलेला होता. त्या वासात दुसरा वास कुणाला आला नाही.

पोरीचे आईबाप आधीच गेलेले. दोन एकर जमीन म्हातारीच्या नावावर. चुलता बेळगावला गेला होता, संध्याकाळी आला तो इच्छापत्र घेऊनच. जमीन नातीला, आणि ती सज्ञान होईपर्यंत पोरीचा व जमिनीचा पालक चुलता. खाली अंगठा, दोन साक्षीदार.

"सोमवारी आईनं शुद्धीत अंगठा दिला," तो म्हणाला.

साक्षीदार खोटं बोलत नव्हते. अंधाऱ्या खोलीत रजईतून अंगठा बाहेर आला, तो चुलत्यानं कागदावर टेकवला, एवढंच त्यांनी बघितलं. मरणाचा नेमका दिवस डॉक्टरांना सांगता येईना. साहेब म्हणाले, "कागद बरोबर दिसतोय."

मी तो उजेडात धरला. ठसा लहान, आणि रेषा अगदी स्वच्छ. म्हातारीनं जन्मभर विड्या वळल्या होत्या. अशा बायकांचे अंगठे झिजून गुळगुळीत होतात. मी रेशन दुकानदाराला बोलावलं.

"तिचा अंगठा? मशीनला कवाच लागला न्हाय. मलाच शिव्या घालायची. म्हणायची, मशीन आंधळं हाय का तू?"

पोरीला बाजूला घेतलं. तिच्या नखात शाई होती.

"अंगठा कुणी द्यायला लावला गं?"

"काकानं. म्हणाला, आजी मेल्याली कळली तर तुला आश्रमात टाकतील. मी येईस्तवर खोकत ऱ्हा, म्हंजे गल्लीला आजी जित्ती वाटंल."

"भ्या वाटलं न्हाय?"

"आजी लई गार लागत हुती. म्हणून रजई तिच्याकडं जास्त सारली."

पोरीचा ठसा कागदाशेजारी ठेवला. चुलत्यानं दोन्हीकडं बघितलं आणि अंगठा पोरीचाच असल्याचं कबूल केलं.

म्हातारीला जमीन नातीला द्यायची आणि पोर मावशीच्या हवाली करायची होती, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं; म्हणून चुलत्यानं जमिनीला हात न लावता फक्त पालक म्हणून आपलं नाव घातलं. मावशी दोनदा म्हणाली, वकिलाकडं चल. म्हातारी उलट तिलाच म्हणाली, "मला लवकर घालवाय निघालीस व्हय?" बांध मोजून घ्यायला माणसं दहा खेटे घालतात. आपल्या माघारी पोर कुणी सांभाळायची, हे लिहून ठेवत नाहीत. आपण तो कागद केला नाही, की आपल्या नावानं दुसराच कुणीतरी करतो. एवढं मी त्या घरात शिकले.

चुलत्याला शिक्षा झाली. कोर्टानं मावशीला पालक नेमलं. तीन दिवस चार बिस्किटं आणि पाण्यावर काढून पोर जगली. आता ती संकेश्वरला मावशीकडं असते.