तिकिटामागचं नाव

कपाटातून स्वेटर काढला, डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि खिशातून सिनेमाचं एक दुमडलेलं तिकीट खाली पडलं. रहस्यपट पाहताना माझे सासरे मध्यंतरात तिकिटामागे पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहीत आणि ते माझ्याकडे सांभाळायला देत. चित्रपट संपल्यावरच उघडायचं. ते कधी चुकले नाहीत, आणि मग कर्वेनगरला घरी पोचेपर्यंत दिग्दर्शकाची सालटी काढत. या तिकिटाचा चित्रपट मात्र जुन्या कृष्णधवल रहस्यपटांना मनापासून मुजरा करणारा होता. जिन्यावर लांबत जाणारी सावली, मध्येच टोले देणारं घड्याळ, धुक्यातून येणारी शीळ. रक्ताचा थेंबही न दाखवता त्याने दोन तास आम्हाला खुर्चीच्या टोकावर बसवलं. शेवटी आरशात हातमोजे चढवणारा म्हातारा माळी दिसला, तेव्हा मी किंचाळून सासऱ्यांचा हातच धरला. दिवे लागले तरी ते उभं राहून टाळ्या वाजवत होते. मी तिकीट उघडणार, तोच म्हणाले, "राहू दे सूनबाई, आज हरलो. साफ फसवलं पठ्ठ्याने!" मी विचारलं, "माळ्यावर संशयच आला नाही ना, बाबा?" "छे गं! कसा येणार?" रिक्षात मी आनंदाने बडबडत राहिले आणि ते नुसते हसत ऐकत होते. त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. आज तिकीट उलगडलं. छापील अक्षरं पार उडून गेली आहेत, पेन्सिलीचा शब्द मात्र स्वच्छ वाचता येतो: माळी.