वाटीभर एरंडेल आणि बाळाची बारीक उडी

आमच्या सासूबाईंना मी मामी म्हणतो. राधानगरीच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. भातशेती, चार म्हशी, आणि आवाज असा की ओढ्यापलीकडची म्हैस मान वळवून बघेल. चौऱ्याऐंशी साली त्या शहरात, आमच्या राजारामपुरीतल्या दोन खोल्यांत मुक्कामाला आल्या, कारण बायकोला नववा महिना लागला होता. रीतीप्रमाणे बाळंतपण माहेरी व्हायचं. पण आधीच्या खेपेला आमचं पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्यामुळे या वेळी दवाखान्यापासून लांब राहायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मग माहेरच उठून सासरी आलं.

त्यांनी आणखी एक बजावलं होतं, तेही मामींकडे बोट रोखून. पोटाला तेल लावून चोळायचं नाही. मामी "व्हय, व्हय" म्हणाल्या आणि बाहेर पडल्याबरोबर माझ्याकडे वळल्या, "पावणं, ही चार पोरं मी काय बाजारातनं आणली व्हय?"

एके दिवशी सकाळी बायको उठली ती पोटावर हात ठेवून बसली. चहा पुढ्यात निवून गेला. मग म्हणाली, "काल संध्याकाळपासनं हललं नाही."

मी रिक्षा आणायला धावलो. एका पायात माझी चप्पल, एका पायात मामींची. रिक्षा घेऊन आलो तर आतल्या खोलीचं दार लोटलेलं, आणि आतून एरंडेलाचा वास. मामी लेकीच्या पोटावरून कोमट तेलाचा हात फिरवत होत्या आणि पोटाशी तोंड नेऊन म्हणत होत्या, "उठ की रं माझ्या वाघा. किती झोपशील?" मला बघितल्यावर त्यांनी पदराला हात पुसले.

"पावणं, डॉक्टरणीला सांगायचं न्हाय. लई खवळंल."

मी मान डोलावली. मी शाळामास्तर. दर वर्षी स्नेहसंमेलनातल्या नाटकात राजा व्हायचो, त्यामुळे चेहरा न हलवता खोटेपणा करायचा सराव होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटाला नळी लावली, कान टेकवला, नळी सरकवली, पुन्हा कान टेकवला. "बाळाभोवती पाणी जास्त आहे. नीट ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. मग आतल्या खोलीत नेलं. तिथे मुंबईहून नुकतंच आणलेलं एक यंत्र टेबलावर बसलं होतं, वर पांढरा रुमाल घालून, घरात पहिल्यांदा रेडिओ आल्यावर घालतात तसा.

"हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला थोडीशी वीज तयार होते," त्यांनी समजावलं. "ती पोटाच्या कातडीपर्यंत पोचते. हे यंत्र ती पकडून कागदावर काढतं."

"वीज? पोटात?" मामी दचकल्या.

"तुमच्याही छातीत आहे, मावशी."

हे मला लग्न ठरल्यापासून माहीत होतं.

नर्सने पोटावर पत्र्याच्या लहान चकत्या चिकटवल्या. एक सरकली. तिने वर चिकटपट्टी दाबली. घाम असेल असं तिला वाटलं असावं. फिनेलच्या वासापुढे एरंडेलाचं काय चालणार? यंत्र सुरू झालं, कागद सरकू लागला. डॉक्टरीणबाईंनी पेनाने दाखवलं, "या मोठ्या उड्या आईच्या. यांच्या मधे मधे बारीक, भराभर उड्या दिसायला हव्यात. त्या बाळाच्या."

मोठ्या उड्या येत होत्या. त्यांच्या मधे नुसती थरथरती जाड रेघ.

त्यांनी एक बटण फिरवलं. मग दुसरं. मग पुन्हा पहिलं. कागद सरसरत होता. बायको यंत्राकडे बघतच नव्हती, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. पहिल्या वेळी मी तिला "काही नाही गं" म्हणालो होतो. या वेळी राजाचे ओठ हलेनात.

तेवढ्यात ती चकती पट्टीसकट घसरली आणि टण्णकन फरशीवर पडली.

मी मामींकडे पाहिलं, मामींनी माझ्याकडे. मी तोंड उघडणार, तोच मामी पुढे झाल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "बाई, मला काय मारायचं त्ये मारा. मी त्याल लावलंय."

"कधी?"

"सकाळच्या पारी. पोर हलंना, जीव ऱ्हाईना माझा."

"किती?"

"वाटीभर."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मास्तर ना तुम्ही? जा, त्या कोपऱ्यात उभे राहा."

मी खरोखर जाऊन उभा राहिलो.

"तेलाचा थर असला की वीज नीट येत नाही," त्या मामींना म्हणाल्या. "आईची जोरदार, ती कशीबशी आली. बाळाची एवढीशी असते, ती अडली असेल." त्या 'असेल'वर आम्ही सगळे लटकलो. "तुम्ही लावलंत, तुम्हीच काढा."

गरम पाणी आलं, साबण आला. मामी लेकीचं पोट असं घासू लागल्या की ती कळवळली, "आये, म्हैस हाय व्हय मी?" मग नर्सने स्पिरिटने पुसलं, कोरड्या कापसाने पुसलं, आणि चकत्या पुन्हा बसवल्या. या वेळी एकही हलली नाही.

कागद सरकू लागला. मोठी उडी. आणि तिच्या मागे, मुंगी चालावी तशा, टिक टिक टिक, बारीक उड्या.

डॉक्टरीणबाईंनी मोजल्या. "एकशे चाळीस. अगदी छान."

"एकशे चाळीस?" मामींचा आवाज परत आला. "एवढं पळतंय कुठं त्ये?"

"त्यांचं तेवढंच असतं, मावशी. झोपलं होतं बहुतेक."

त्यावर यंत्राचं पेन एकदम कागदाच्या काठापर्यंत भिरकावलं गेलं. नर्स दचकली. बायको हसत ओरडली, "लाथ! लाथ मारली!" मामी फरशीवरच बसल्या आणि पदर तोंडात धरून रडायला लागल्या. त्यांचा वाघ म्हणजे वाघीण होती, हे आठवड्याने कळलं.

बाहेर बायकांची रांग लागली होती, तरी डॉक्टरीणबाईंनी यंत्र बंद केलं नाही.

"अहो, या की हिकडं," बायको म्हणाली. "बघा तरी."

मी कोपऱ्यातून आलो आणि, करू नये ते केलं, सरकत्या कागदावर बोट ठेवलं. शाई ओली होती. डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातावर चापट मारली.

बोटाला निळा ठिपका लागला. दुपारी शाळेत हजेरी घेताना, फळ्यावर लिहिताना ते बोट मी असं वर धरलं होतं, की पोरांना वाटलं मास्तरांना विंचू चावला.